आधी फेरफार, मग सातबारा

मुंबईहून निघालेली रेल्वे १ मे १८५४ रोजी कल्याणला पोहोचली आणि १ ऑक्टोबर १८५५ रोजी वाशिंदला. पुढचा आसनगावपर्यंतचा टप्पा उघडायला १८६० साल उजाडले. म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ वाशिंद हेच या बाजूच्या रुळांचे टोक होते. तेव्हापासून शहापूर तालुक्यातल्या जमिनीने हात बदलणे थांबवलेले नाही. ती रुळांखाली गेली, मुंबई-आग्रा रस्त्याखाली गेली, तानसा आणि भातसा धरणांच्या पाण्याखाली गेली, कारखान्यांकडे गेली, गुंठ्यागुंठ्यांनी शहरातल्या लोकांकडे गेली आणि अलीकडे समृद्धी महामार्गाने तिच्यातून आपला पट्टा काढून घेतला. दर वेळी कुणीतरी कुठल्यातरी वहीत एक ओळ लिहिली. ती वही आज वाशिंदच्या तलाठी सजात नाही आणि शहापूरच्या तहसील कचेरीतही नाही. ती एका रिलेशनल डेटाबेसच्या रूपात दूरच्या डेटा सेंटरमध्ये आहे. आणि अशा केंद्रांची रचनाच अशी असते की डेटाबेस चालवणारा सर्व्हर एका कपाटात आणि प्रत्यक्ष माहिती नेटवर्कने जोडलेल्या दुसऱ्याच कपाटात. लोकांची तक्रार ठरलेली आहे: दप्तर गावापासून जितके लांब गेले, तितके ते बेभरवशाचे झाले. मला हे निदान चुकलेले वाटते. जमिनीच्या नोंदीचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर बिघाड अंतरामुळे झालेला क्वचितच दिसतो. ‘नोंद झाली’ हे कोणी म्हणायचे, केव्हा म्हणायचे आणि कशाच्या जोरावर म्हणायचे, याची शिस्त जिथे सुटली तिथे बिघाड झाला. ती शिस्त कागदाच्या काळातच घडली होती. संगणकाला ती पुन्हा शिकावी लागली, आणि तीही सहजासहजी नाही.

पेशवाईतही हिशेब एका जागी नसत. गावचे कागद कुलकर्ण्याकडे, परगण्याचे देशपांड्याकडे, त्यांचा गोषवारा पुण्याच्या दप्तरात. पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही रुमालात बांधलेली ती पुडकी हजारोंनी पडून आहेत. इंग्रजांनी आधी प्रिंगलच्या हातून मोजणीचा एक फसलेला प्रयोग केला, मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने सुरुवात केली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणी पक्की झाली. पण या साऱ्या खटाटोपाचा हेतू एकच होता: सारा कोणाकडून वसूल करायचा. खातेदाराचे नाव सरकारला हवे होते ते वसुलीसाठी. जमिनीवर खरा हक्क कोणाचा, कूळ कोण, गहाण कोणाकडे, याच्याशी त्या वहीला फारसे कर्तव्य नव्हते. कोकणात तर भातजमीन एका दराने आणि वरकस दुसऱ्या दराने मोजली, पण डोंगरउतारावरच्या वरकस तुकड्यात प्रत्यक्ष नाचणी कोण पिकवतो, हे त्या वहीतून क्वचितच कळे. नोंद आणि वास्तव यांच्यातली ही फट पुढे इतकी रुंदावली की १९०३ मध्ये मुंबई सरकारला हक्कनोंदणीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यात सामावला गेला, आणि स्वातंत्र्यानंतर तीच चौकट महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये आली. ही संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू आहे.

या चौकटीतला खरा शोध सातबारा नव्हे, फेरफार नोंदवही आहे. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही; दोन्ही एका पानावर आले आणि सातबारा हे नाव रूढ झाले. लोक त्यालाच दप्तर समजतात. पण महसुली पद्धतीत सातबारा हा निष्कर्ष आहे, आणि ज्यातून तो निघतो ती वही गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार. खरेदी झाली, वारसा आला, वाटप झाले, बोजा चढला, तर तलाठ्याने थेट सातबाऱ्यावर हात चालवायचा नाही. आधी फेरफार नोंदवहीत पुढचा क्रमांक घालून ती हकिकत लिहायची, चावडीवर तिची प्रत लावायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत, म्हणजे सहा-अ मध्ये. हरकत नसली तर वरिष्ठ महसूल अधिकारी, आजच्या व्यवहारात बहुधा मंडळ अधिकारी, नोंद तपासून प्रमाणित करणार. संहितेच्या १५० व्या कलमात यावर कडी केली आहे: नोंद रीतसर प्रमाणित होईपर्यंत ती फेरफार नोंदवहीतून अधिकार अभिलेखात न्यायचीच नाही. मधल्या काळात सातबाऱ्यावर फार तर पेन्सिलीने फेरफार क्रमांक टिपायचा. प्रमाणित झाला की शाई. जुने नाव खोडायचे नाही, त्याला कंस करायचा. पेन्सिल, शाई आणि कंस या तीन खुणांत कच्ची नोंद, पक्की नोंद आणि मागची नोंद अशा तिन्ही अवस्था बसत होत्या. प्रमाणित नोंदीलाच १५७ व्या कलमाचे बळ मिळते: उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी मानायची. हे बळ फुकट मिळालेले नाही. क्रम पाळला म्हणून ते मिळते.

दुसरी शिस्त ताब्याची. एका गावाच्या दप्तरात एका वेळी एकच हात लिहिणार. वंशपरंपरागत कुलकर्णी असो की पगारी तलाठी, बदली झाली, निलंबन झाले, मृत्यू झाला, तरी दप्तराचा ताबा रीतसर दुसऱ्याकडे जाईपर्यंत त्या गावात नवा फेरफार पडणार नाही. परगणा व कुलकर्णी वतने १ मे १९५१ पासून रद्द झाली, तेव्हा घराघरांत पिढ्यानपिढ्या असलेले कागद सरकारी ताब्यात घेण्याचा प्रश्न उभा राहिला तो यातूनच. ताबा सोडत नाही अशा माणसाकडून कागद काढून घेण्याची, वेळ आली तर त्याला अटकेत ठेवण्याची तरतूद महसूल कायद्यात आहे. नुसत्या कागदांसाठी ही कडक वाटेल. पण दोन माणसांकडे एकाच गावाच्या दोन चालू वह्या असणे ही वही जळण्यापेक्षा मोठी आपत्ती आहे. जळलेली वही निदान जळाली म्हणून कळते.

आता डेटाबेसकडे वळू. आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल पद्धत मांडली: माहिती साध्या तक्त्यांत ठेवा आणि ती कुठे, कशी साठवली आहे याची चिंता वापरणाऱ्यावर टाकू नका. पुढे त्याच कंपनीच्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पात आणि जिम ग्रे यांच्या कामात खरा प्रश्न उभा राहिला. व्यवहार अर्धवट असताना वीज गेली तर काय? उत्तर असे निघाले की तक्त्याच्या पानाला हात लावण्याआधी काय बदलणार आहे ते एका क्रमवार नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, लिहायचे. ते लिखाण तबकडीवर पक्के उतरल्याची खात्री झाल्यावरच वापरणाऱ्याला ‘झाले’ म्हणायचे. तक्त्याचे पान सवडीने बदलले तरी चालेल. यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाले की लॉग वाचायचा, पक्के झालेले व्यवहार पुन्हा बसवायचे, कच्चे मागे घ्यायचे. ही पद्धत अत्यंत काटेकोर रूपात १९९२ मध्ये मांडणाऱ्या चमूचे प्रमुख, सी. मोहन, मद्रासच्या आयआयटीतून शिकून आयबीएमला गेलेले. या मंडळींनी मुंबई इलाख्याचा महसूल कायदा वाचला होता असे मला सुचवायचे नाही. पण एकच अडचण दोन ठिकाणी आली आणि दोन्हीकडे एकच तोडगा सापडला. आधी फेरफार, मग सातबारा.

या पद्धतीचा सगळा भार एका वाक्यावर आहे: ‘तबकडीवर पक्के उतरले’. तबकडी सर्व्हरच्याच पेटीत असेल तर ते वाक्य खरे की खोटे हे तपासायला मध्ये फार माणसे नसतात. साठा नेटवर्कपलीकडे गेला की मध्ये निरोप्ये येतात. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकाच्या मध्यावर एनएफएस ही दूरच्या यंत्रावरच्या फाइली आपल्याच असल्यासारख्या वापरण्याची पद्धत काढली. तिच्या त्या काळच्या आवृत्तीत दंडक होता की पलीकडच्या यंत्राने मजकूर पक्का उतरल्याशिवाय होकार द्यायचा नाही. त्यामुळे काम मंद झाले. मग कोणी वीज गेली तरी टिकणारी स्मृती बसवून प्रामाणिकपणे वेग वाढवला, तर कोणी होकार आधी आणि लिखाण मागाहून, अशी सोय चालू केली. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने हा तिढा रीतसर सोडवला: मजकूर आधी पाठवा, तो तात्पुरता समजा, आणि नंतर ‘कमिट’ असा वेगळा हुकूम देऊन तो पक्का करून घ्या. पेन्सिल आणि शाई यांचा भेद इथे नियमात आला. शिवाय जोडणीचे दोन प्रकार होते. एकीत पलीकडून उत्तर येईपर्यंत सर्व्हर थांबून राहतो. दुसरीत काही वेळ वाट पाहून ‘चूक झाली’ म्हणून पुढे जातो. दुसरी ऐकायला सोयीची वाटते, पण डेटाबेससाठी तीच घातक, कारण उत्तर आले नाही याचा अर्थ लिहिले गेले नाही असा होत नाही. निरोप वाटेत हरवला असेल आणि नोंद पडलेलीही असेल. म्हणून जाणकार डेटाबेस चालवताना थांबून राहणेच निवडतात. कुलूपबंदीची कथाही तीच. दोन सर्व्हरांनी एकाच साठ्यावर एकाच वेळी लिहू नये म्हणून कुलुपे असतात, पण नेटवर्कवर ती कुलुपे कधी निसटतात, म्हणून जुना सर्व्हर मेला असे समजण्याआधी त्याचा साठ्याशी संबंध जबरदस्तीने तोडतात. दप्तराचा ताबा काढून घेण्याची कलमे इथे तारांच्या रूपात आली, इतकेच.

महाराष्ट्रात भूमी अभिलेखांचे संगणकीकरण सुरू झाले तेव्हा यातले काहीच फारसे विचारात नव्हते. केंद्राच्या १९८८-८९ च्या योजनेत देशातले आठ जिल्हे प्रयोगासाठी निवडले, त्यात आपला वर्धा होता. पुढे ती योजना राज्यभर पसरली. तालुक्याच्या ठिकाणी संगणक आले, सातबाऱ्याची माहिती भरून घेण्यात आली आणि छापील उतारे मिळू लागले. उताऱ्याची छपाई सुधारली यात शंका नाही. पण पुष्कळ वर्षे गावात तलाठी हातानेच फेरफार व सातबारा लिहीत होता, आणि तालुक्याला त्याची नक्कल संगणकात भरली जात होती. म्हणजे एका जमिनीच्या दोन चालू वह्या, दोन हातांत. प्रमाणित झालेला फेरफार हाताच्या सातबाऱ्यावर चढला पण संगणकात चढला नाही. संगणकात क्षेत्राचा दशांश चिन्हाचा घोळ झाला पण हाताचा उतारा बरोबर राहिला. एका नावाचे स्पेलिंग इथे एक, तिथे दुसरे. कागदी शिस्तीने अनेक दशके जे टाळले होते तेच संगणकाच्या पहिल्या टप्प्यात घडले. हे घडले तेव्हा साठा गावापासून दूर गेलेला नव्हता, शहापूरसारख्या तालुक्याच्या गावातच होता, हे लक्षात ठेवले पाहिजे. वाशिंदहून शहापूरचे स्थानक, आसनगाव, लगेच पुढचेच. अंतराला दोष देणाऱ्यांनी या काळाकडे पाहावे.

हा गुंता सोडवायला काय करावे लागले तेही बोलके आहे. आधी हस्तलिखित सातबारा बंद करावा लागला, म्हणजे एक हात थांबवावा लागला. मग हाताचा आणि संगणकाचा उतारा ओळीने ताडून पाहण्यासाठी एडिट आणि रि-एडिट अशी खास आज्ञावली आली. तिच्यातून दुरुस्त झालेले सातबारे गावोगावी चावडी वाचनात लोकांना वाचून दाखवले गेले. म्हणजे अत्याधुनिक माहितीसाठ्याची शहानिशा शेवटी पिंपळाच्या पारावर मोठ्याने वाचूनच झाली. ‘मागास’ पद्धत म्हणून यावर हसणारे हसोत. डेटाबेस नव्या यंत्रावर नेताना प्रत्येक तक्ता ताडून पाहणारा जाणकार याहून वेगळे काही करत नाही. त्याच्याजवळ बेरजांचे आकडे असतात आणि गावाजवळ आठवण, एवढाच फरक.

तालुक्याच्या सर्व्हरांवरून साठा राज्य पातळीवर नेण्याला ठोस कारणे होती. तालुक्याच्या खोलीत विजेचा भरवसा नाही, वातानुकूलन नाही, बॅकअप घेणारा माणूस कारकुनीची दहा कामे करणारा. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले की त्याची वर्दी आपोआप तलाठ्याकडे जावी ही ई-फेरफारची कल्पना. ती तीनशेहून अधिक तालुक्यांतल्या सुट्या डेटाबेसांवर उभी राहणे कठीण होते. केंद्राने मार्च २००५ मध्ये राज्यव्यापी नेटवर्कची योजना मंजूर केली. तिच्यात राज्याच्या राजधानीपासून तालुक्यापर्यंत किमान २ मेगाबिट क्षमतेची जोडणी धरलेली होती. जानेवारी २००८ मध्ये राज्य डेटा सेंटरांची योजना आली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भूमी अभिलेख आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम. साठा आधी शक्य झाला, मग भरला गेला. १ मे २०१८ पासून तलाठ्याची डिजिटल सही असलेला सातबारा लोकांना थेट मिळू लागला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला तेव्हा शहापूर आणि मुरबाड ठाण्यातच राहिले, जव्हार-मोखाडा-वाडा पालघरात गेले. कागदाच्या दिवसांत अशा विभागणीत रेकॉर्ड रूमची पुडकी ट्रकांतून हलत आणि काही वाटेतच राहत; एकवटलेल्या साठ्याला असा प्रवास नसतो.

दोष अंतराचा नाही, या म्हणण्यावर पहिला आक्षेप खुद्द डेटाबेस चालवणाऱ्यांचा आहे. त्यांच्या जुन्या पिढीचा नियमच होता की डेटाबेस आणि नेटवर्कवरचा साठा यांची गाठ घालू नये. नियम निराधार नव्हता. २१ एप्रिल २०११ रोजी अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतल्या पूर्व विभागात नेटवर्क बदलण्याच्या कामात चूक झाली. सगळी वाहतूक कमी क्षमतेच्या मार्गावर गेली, आपली जोडीची प्रत हरवली असे हजारो साठ्यांना वाटले, आणि नवी प्रत करण्याच्या धावपळीत सगळेच अडकून पडले. त्या केंद्रातले ०.०७ टक्के साठे अखेर सुसंगत अवस्थेत परत मिळालेच नाहीत. आकडा लहान दिसतो. ज्याचा तो साठा त्याच्यासाठी शंभर टक्के. तरीही या घटनेवरून ‘साठा जवळच हवा’ हा निष्कर्ष निघत नाही, हे २०१८ ने दाखवले. त्या वर्षी पोस्टग्रेस डेटाबेसच्या मंडळींना कळले की लिनक्स प्रणालीत पान तबकडीवर उतरवताना चूक झाली तर ती चूक एकदाच सांगितली जाते आणि पान ‘उतरलेले’ असे समजले जाते. दुसऱ्यांदा विचारले तर ‘सर्व ठीक’ असे उत्तर मिळते. हे स्वतःच्या पेटीतल्या तबकडीवरही घडू शकत होते. पोस्टग्रेसने उपाय केला तो कठोर होता: असा नकार एकदा जरी आला तरी डेटाबेस जागच्या जागी बंद पाडायचा आणि लॉगवरून नव्याने उभा करायचा. खोट्या होकारावर पुढे जाण्यापेक्षा थांबणे बरे. जुना नियम त्याच्या काळी योग्य होता, पण त्यातला शहाणपणा अंतराबद्दल नव्हता, होकाराबद्दल होता.

दुसरा आक्षेप गावकऱ्याचा, आणि तो जास्त वजनदार आहे. दप्तर चावडीत होते तेव्हा बघायला तरी मिळत होते. आता एक तार तुटली की अख्ख्या तालुक्याचे काम ठप्प, आणि तलाठ्यांच्या संघटनाही सर्व्हर चालत नाही म्हणून वारंवार आवाज उठवतात. यातला पहिला भाग मला पटत नाही. चावडीतले दप्तर उंदीर, वाळवी आणि कोकणचा पाऊस यांच्या तावडीत होते. सातबाऱ्याचे ठरावीक वर्षांनी पुनर्लेखन होई, तेव्हा गळालेली नावे आणि उतरून न घेतलेले शेरे यांवरून आजही महसूल न्यायालयांत दावे चालू आहेत. अशा चुकीचा फटका आदिवासी खातेदाराला सर्वाधिक बसतो, कारण त्याच्या जमिनीच्या हस्तांतरणावर १९७४ नंतर कडक निर्बंध आहेत, आणि ते निर्बंध ओळखण्याची खूण म्हणजे सातबाऱ्यावरचा एक शेराच. एकुलत्या प्रतीचा अर्थ काय होतो हे १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांना पुरते कळले होते. सावकाराचे रोखे जाळले की कर्जाचा पुरावाच उरत नाही, म्हणून त्यांनी ते जाळले. सत्तेच्या अगदी जवळचे कागदही सुरक्षित नसतात, हे २१ जून २०१२ च्या मंत्रालयाच्या आगीने दाखवले. पण आक्षेपाचा दुसरा भाग मात्र मान्य करावाच लागतो. गावोगावच्या वह्यांत एका वहीचा नाश एका गावापुरता राहतो. एकवटलेल्या साठ्यात बिघाड झाला तर वाशिंद, मुरबाड आणि गडचिरोली एकाच क्षणी थांबतात. नोंद हरवणे आणि नोंद मिळण्यास उशीर होणे या दोन वेगळ्या आपत्ती आहेत, आणि केंद्रीकरणाने पहिली कमी करताना दुसरी वाढवली. ज्याची पीककर्जाची मुदत उद्या संपते त्याला हा भेद समजावून उपयोग नाही. यावर उपायही माहीत असलेलाच आहे: लिहिण्याचा अधिकार एकाच जागी ठेवून वाचण्यापुरती ताजी प्रत तालुक्याला ठेवणे. रेकॉर्ड रूम हे शतकभर तेच तर होते.

तिसरा आक्षेप तर्काचा. फेरफार हा कायद्याचा दस्तऐवज, लॉग ही यंत्राची सोय. दोघांना एका माळेत ओवणे ही लेखकाची हौस आहे, असे कोणी म्हणेल. फरक आहेच. प्रमाणीकरणात मंडळ अधिकाऱ्याची विवेकबुद्धी लागते, हरकतीला वेळ लागतो. यंत्राचा होकार काही हजारांश सेकंदांत येतो आणि त्यात विवेक नसतो. खोटी खरेदी रीतसर प्रमाणित झाली तर कितीही भरवशाचा साठा ती खोटीच जपून ठेवील. आणखी एक फरक सहसा लक्षात येत नाही: डेटाबेसमध्ये पाने बदलून झाली की जुना लॉग पुसून जागा मोकळी करतात, तर फेरफार नोंदवही कायम जपायची असते. म्हणजे यंत्राने तक्ता प्रमाण मानला आणि लॉग तात्पुरता, तर महसूल खात्याने नेमके उलट. गंमत अशी की नेटवर्कवरच्या साठ्यानेच यंत्राला महसूल खात्याच्या बाजूला आणले. अ‍ॅमेझॉनने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या ऑरोरा डेटाबेसमध्ये सर्व्हर साठ्याकडे तक्त्याची पाने पाठवतच नाही. फक्त लॉग पाठवतो. तीन वेगळ्या केंद्रांत मिळून सहा प्रती असतात, त्यांतल्या चारांनी होकार दिला की नोंद पक्की, आणि पाने त्या लॉगवरून साठाच घडवून घेतो. तार महाग आणि निरोप बेभरवशाचा असेल तर निष्कर्ष पाठवू नका, घटना पाठवा, हे यामागचे गणित. १९१३ च्या कायद्याचे गणित याहून फार वेगळे नव्हते: मूळ घटना एका क्रमांकित वहीत, आणि उतारे तिच्यावरून.

म्हणूनच सातबाऱ्याच्या अलीकडच्या सुधारित नमुन्यातला एक बदल मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, जरी चर्चा झाली ती त्यावरच्या बोधचिन्हाची. नव्या उताऱ्यावर प्रलंबित फेरफार आहे की नाही ते छापलेले असते, आणि शेवटचा फेरफार क्रमांक व त्याची तारीखही. डेटाबेसच्या प्रत्येक पानावर असाच एक क्रमांक असतो: लॉगमधल्या कुठल्या नोंदीपर्यंतचे बदल या पानात उतरले आहेत, ते सांगणारा. त्या एका क्रमांकावरून यंत्र बिघाडानंतर ठरवते की हे पान ताजे की शिळे. मोहन यांच्या पद्धतीचा तो कणा आहे, आणि तोच आता वाशिंदच्या शेतकऱ्याच्या हातातल्या कागदावर आहे. पेन्सिलीची जागा ‘प्रलंबित’ या रकान्याने घेतली, शाईची जागा शेवटच्या क्रमांकाने. तेव्हा जमीन घेणाऱ्याने, वारस लावणाऱ्याने, कर्ज काढणाऱ्याने नुसता सातबारा पाहून समाधान मानू नये. प्रलंबित फेरफाराचा रकाना आधी वाचावा, शेवटच्या फेरफाराची नक्कल काढावी, तिच्यातली नावे आणि क्षेत्र उताऱ्याशी ताडावे, आणि दोन्हींत फरक दिसला तर सर्व्हरला नावे न ठेवता त्याच दिवशी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.